विद्येला वयाची अट नसावी

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाणमहोत्सवाचे मंगल वातावरण देशभर असताना, १९७५ साली, आपल्या वडीलधाऱ्यांनी या ट्रस्टची स्थापना केली. त्या पिढीतील बहुतेक जण आज आपल्यात नाहीत. त्यांच्या पुण्यस्मृतीस वंदन करून मी माझ्या विषयाकडे वळतो.

संयोजकांनी मला ‘व्यापारी समाज आणि उच्च शिक्षण’ असा विषय दिला आहे. विषय विशाल आहे आणि माझे स्वतःचे शिक्षण बी.कॉम.पर्यंतचे. त्यानंतरची चव्वेचाळीस वर्षे मी कापडाच्या दुकानाच्या गादीवर काढली. म्हणून या विशाल विषयातील एका लहानशा कोपऱ्याविषयीच बोलतो. ज्याचे वय नेहमीच्या विद्यार्थ्यापेक्षा दहा-पंधरा वर्षांनी अधिक आहे, ज्याच्या शिरावर दुकान, घर, मुलेबाळे यांची जबाबदारी आहे, अशा व्यक्तीने एम.बी.ए.साठी अर्ज करावा काय, आणि करावयाचा तर कोणत्या तयारीने करावा, एवढाच तो कोपरा आहे. हा विषय मी पुस्तकातून शिकलो नाही. आमच्या सूनबाईंनी वयाच्या ३६ व्या वर्षी असा अर्ज केला आणि त्या अर्जाने मला जे शिकविले, ते तिच्या अनुमतीने येथे सांगत आहे.

यात माझे आणखी एक प्रयोजन आहे. आपल्या ट्रस्टच्या शैक्षणिक साहाय्य निधीच्या नियमावलीत ‘अर्जदाराचे वय २५ वर्षांहून अधिक नसावे’ असे एक कलम आहे. १९९६ साली साहाय्य समितीचा चिटणीस या नात्याने ते कलम मी स्वतःच्या हाताने लिहिले. त्याविषयी शेवटी मला काही निवेदन करावयाचे आहे.

प्रथम ‘अधिक वय’ म्हणजे काय ते पाहू. आपल्याकडील आय.आय.एम.च्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात बहुतेक विद्यार्थी विशीच्या पूर्वार्धातील असतात. १९०८ साली ज्या हार्वर्डने एम.बी.ए. ही पदवी सुरू केली, तेथील वर्गाचे सरासरी वयही आज २७ च्या आसपासच असते. अशा वर्गात ३६ वर्षांची व्यक्ती वेगळी दिसणार हे उघड आहे. परंतु मोठ्या वयाचा विद्यार्थी ही कल्पना या क्षेत्राला अपरिचित मात्र नाही. अमेरिकेतील एम.आय.टी.मध्ये १९३१ साली अनुभवी व्यवस्थापकांसाठी स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू झाला. नोकरी-व्यवसाय सांभाळून करावयाचा एक्झिक्युटिव्ह एम.बी.ए. शिकागो विद्यापीठाने १९४३ साली सुरू केला. अहमदाबादच्या आय.आय.एम.मध्ये २००६ पासून अनुभवी पदवीधरांसाठी एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. कॅट परीक्षेला कमाल वयाची मर्यादा नाही. जीमॅटलाही नाही. महाराष्ट्र शासनाच्या सी.ई.टी.लाही नाही. दार उघडेच आहे. ते बंद आहे असे आपण मानून बसलो होतो, आणि त्या ‘आपण’मध्ये मी सर्वांत पुढे होतो.

खरे पाहता, आपल्या धर्माला हे नवीन वाटावयास नको. स्वाध्यायाला आपल्याकडे वय नाही. सत्तरीतील श्राविका दशलक्षण पर्वात तत्त्वार्थसूत्राचा अर्थ लिहून घेताना आपण दरवर्षी पाहतो. शेठ माणिकचंद पानाचंद यांच्या कन्या मगनबाई यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी विधवा भगिनींसाठी श्राविकाश्रम चालविला, तेव्हा शिकावयास येणाऱ्या स्त्रिया काही बालवयाच्या नव्हत्या. कर्मवीर भाऊराव पाटील तर आपल्याच परिसरातले, कुंभोजचे. ‘कमवा आणि शिका’ हा त्यांचा मंत्र बहुजनांच्या मुलांसाठी होता. आज आठवडाभर दुकान सांभाळून शनिवार-रविवारी वर्गात बसणारा चाळिशीचा व्यापारी त्याच मंत्राचे पालन करीत असतो, असे मला वाटते.

आता प्रत्यक्ष हकिकत सांगतो.

सूनबाई बी.कॉम. झालेली. २००८ साली लग्न होऊन ती आमच्या घरी आली आणि पुढच्याच वर्षी, आमच्या साडी विभागातील एक जुने सेवक आजारी पडल्यामुळे, ‘चार दिवस’ म्हणून दुकानात येऊन बसू लागली. त्या चार दिवसांची बारा वर्षे झाली. लग्नाचा बस्ता बांधायला आलेल्या मंडळींना तीच लागे. १ जुलै २०१७ रोजी जी.एस.टी. आला. कापडाच्या किरकोळ व्यापाऱ्याला विवरणपत्रांची अशी सवय कधीच नव्हती. ते सारे काम तिने अंगावर घेतले. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात तळमजल्यावरील माल भिजला, तेव्हा तिने मोबाइलमध्ये ठेवलेली मालाची यादी विम्याच्या दाव्यासाठी उपयोगी पडली. आणि २०२० साली, गुढीपाडव्यासाठी दुकान भरलेले असताना, पाडव्याच्या दिवशीच टाळेबंदी सुरू झाली. पाडवा गेला, अक्षय्यतृतीया गेली, सारी लग्नसराई गेली. घरात बसून ती आमचाच पडून राहिलेला माल मोजत होती.

त्या उन्हाळ्यात एके दिवशी तिने मला विचारले, “बाबा, आपण वर्षाला किती माल विकतो ते आपल्याला ठाऊक आहे. पण फडताळात सरासरी किती दिवस पडून राहतो, हे ठाऊक आहे का?” मला ठाऊक नव्हते. माझ्या वडिलांनाही ठाऊक नव्हते. ज्या वर्षी हाती पैसा उरला ते वर्ष चांगले, असा आमचा हिशोब. ती म्हणाली, “मला हे शिकायचे आहे.”

मी विरोध केला. ‘या वयात दप्तर घेणार का’ असे म्हणालो. मुले लहान आहेत, लोक काय म्हणतील, वालचंद हिराचंदांकडे तरी एम.बी.ए. कोठे होते, असे सर्व प्रश्न मी विचारले. आपणही कदाचित हेच विचाराल, म्हणून मी त्यांची उत्तरे देतो. मुले लहान होती, पण त्यांना आजी होती आणि वडीलही होते. लोक चार दिवस बोलले. आणि वालचंदशेठांच्या काळी आपल्या देशात अशी शाळाच नव्हती. अहमदाबाद आणि कोलकाता येथील आय.आय.एम. १९६१ साली स्थापन झाल्या, मुंबईची जमनालाल बजाज संस्था १९६५ साली. जे नव्हते ते त्यांनी घेतले नाही, म्हणून जे आहे ते आपणही घेऊ नये, हा युक्तिवाद टिकत नाही.

अखेर २०२१ च्या ऑगस्टमध्ये तिने कॅटचा अर्ज भरावयास घेतला. अर्जाची पहिली अडचण कागदांची. पदवीच्या गुणपत्रिका माहेरच्या नावाने, आधार कार्ड सासरच्या नावाने. विवाह नोंदणीचा दाखला आम्ही कधी काढलाच नव्हता. तो काढण्यापासून सुरुवात झाली. आपल्या लेकीसुनांना माझी विनंती आहे की, शिकावयाचे असो वा नसो, हा दाखला आणि नावातील बदलाचे कागद वेळीच करून ठेवावेत. पंधरा वर्षांपूर्वीची मूळ गुणपत्रिका कोणत्या ट्रंकेत आहे, हे अर्जाच्या आदल्या रात्री शोधू नये.

दुसरी अडचण माझ्या कायमची स्मरणात राहील. अर्जात एक चौकट होती. पदवीनंतरचा पूर्णवेळ, सवेतन कामाचा अनुभव, महिन्यांत. सूनबाई संगणकासमोर बसली होती आणि मी मागे उभा होतो. बारा वर्षे म्हणजे १४४ महिने. मी म्हणालो, “लिही की.” ती म्हणाली, “बाबा, सवेतन म्हटले आहे. माझे वेतन कोठे आहे?”

मी उत्तर देऊ शकलो नाही. आमच्या दुकानाची खतावणी मी अभिमानाने कोणालाही दाखवीन. त्या खतावणीत झाडूवाल्या मावशींचे खाते आहे, हमालाचे खाते आहे, चहावाल्याचे खाते आहे. बारा वर्षे सकाळी दहा ते रात्री आठ बसणाऱ्या सुनेचे खाते नव्हते. ती घरची, घरच्या माणसाला कसला पगार, असे आम्ही मानीत आलो. भागीदारीपत्रात मी, माझे बंधू आणि चिरंजीव. तिचे नाव कोणत्याच कागदावर नव्हते. त्या चौकटीत तिने शून्य लिहिले.

बंधुभगिनींनो, हा आमच्या एका घरचा दोष आहे असे मला वाटत नाही. पेठेतील अनेक दुकानांत आज एखादी सून, एखादी लेक, एखादा धाकटा भाऊ असाच शून्य अनुभवाने काम करीत असेल.

यावर एका हितचिंतकाने उपाय सुचविला. मागील तारखांच्या पगारपावत्या तयार करून द्याव्यात, कोणी विचारीत नाही, सगळेच करतात. खोटे कशाला बोलू, मला तो मार्ग क्षणभर सोयीचा वाटला. काम तर तिने केलेच होते, मग कागद झाला तर बिघडले कोठे? सूनबाई म्हणाली, “बाबा, काम खरे आहे, पण पावती खोटी होईल.” दशलक्षण पर्वात आपण तत्त्वार्थसूत्राचे दहा अध्याय रोज एक याप्रमाणे ऐकतो. सातव्या अध्यायात सत्याणुव्रताचे अतिचार येतात आणि त्यांत कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा लेख करणे, हा एक आहे. तो शब्द मी चाळीस वर्षे ऐकला होता. त्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला.

आता परीक्षेविषयी. कॅटमध्ये तीन विभाग असतात: इंग्रजी वाचन, आकडेवारी व तर्क, आणि गणित. प्रत्येकाला ४० मिनिटे, एकूण दोन तास. बरोबर उत्तराला तीन गुण, आणि पर्यायी प्रश्नाचे उत्तर चुकल्यास एक गुण वजा. मोठ्या वयाच्या विद्यार्थ्याची खरी अडचण गणित विसरलेले असणे ही नाही. ते सहा-आठ महिन्यांत परत येते. अडचण अशी की, आलेले गिऱ्हाईक परत पाठवायचे नाही, हे आम्हा व्यापाऱ्यांच्या अंगी मुरलेले असते, आणि परीक्षेत मात्र न जमणारा प्रश्न सोडून पुढे जाता आले पाहिजे. सूनबाई पहाटे साडेचार ते साडेसहा अभ्यास करी आणि दर रविवारी दुपारी एक सराव-परीक्षा देई. त्या दोन तासांत तिला कोणी हाक मारावयाची नाही, असा नियम आमच्या सौभाग्यवतींनी घरात केला. मी सांगतो, मोठ्या वयाच्या विद्यार्थ्याला शिकवणीवर्गापेक्षा या नियमाची गरज अधिक असते.

नोव्हेंबर २०२१ मध्ये पुण्याच्या केंद्रावर ती परीक्षेला बसली. तिला ७१ पर्सेंटाइल मिळाले. येथे पालकांसाठी खुलासा करतो. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. शंभर परीक्षार्थींपैकी ७१ जण तिच्या मागे होते, एवढाच त्याचा अर्थ. नामांकित संस्थांना तेवढे पुरत नाही. एका संस्थेने मुलाखतीस बोलाविले. तेथे तिला विचारण्यात आले, “तुमचे वर्गमित्र तुमच्याहून बारा वर्षांनी लहान असतील. शिक्षणानंतर तुम्हाला नोकरी कोण देईल?” ती गोंधळली. नोकरीचा विचारच तिने केलेला नव्हता आणि ते तिला नीट सांगता आले नाही. मे २०२२ मध्ये नकार आला. त्या रात्री ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी दहा वाजता नेहमीप्रमाणे दुकानात होती.

तो प्रश्न टोचणारा होता, परंतु गैर नव्हता. दोन वर्षांच्या पूर्णवेळ अभ्यासक्रमाचा शेवट नोकरीच्या मुलाखतींनी होतो आणि तेथे येणाऱ्या कंपन्या विशीतील मुलांच्या शोधात असतात. आम्ही चुकीच्या दारात उभे होतो. मोठ्या वयाच्या अर्जदाराने पहिली गोष्ट ही पाहावी की, आपल्यासारख्यांसाठी उघडलेले दार कोणते.

ती दारे थोडक्यात सांगतो. नोकरी किंवा व्यवसायाचा चार-पाच वर्षांचा अनुभव असणाऱ्यांसाठी आय.आय.एम.चे एक वर्षाचे पूर्णवेळ अभ्यासक्रम आहेत. त्यांना बहुधा जीमॅटसारख्या परीक्षेचे गुण लागतात. जीमॅटचे गुण पाच वर्षे ग्राह्य असतात, कॅटचे मात्र त्याच वर्षीच्या प्रवेशापुरते. व्यवसाय न सोडता महिन्यातून काही दिवस किंवा शनिवार-रविवारी जाण्याचे अभ्यासक्रम अनेक शहरांत आहेत. कौटुंबिक व्यवसायातील मंडळींसाठी खास अभ्यासक्रमही आहेत. मुंबईच्या ज्या एस. पी. जैन संस्थेत असा अभ्यासक्रम चालतो, तिला साहू श्रेयांसप्रसाद जैन यांचे नाव आहे, हे तरुणांना ठाऊक असावे. आणि ज्यांना गाव सोडणे शक्यच नाही त्यांच्यासाठी १९८५ सालचे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ सालचे नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. मात्र प्रत्येक ठिकाणच्या अटी दरवर्षी त्यांच्या अधिकृत पत्रकातच वाचाव्यात, ऐकीव माहितीवर पैसे भरू नयेत.

सूनबाईंनी दुसऱ्या वेळी व्यवसाय सांभाळून करावयाचा, महिन्यातून ठराविक दिवस वर्गाला जाण्याचा अभ्यासक्रम निवडला. या वेळी अर्ज वेगळ्या रीतीने तयार झाला. त्यातील तीन गोष्टी भावी अर्जदारांच्या उपयोगी पडतील.

पहिली अनुभवाच्या पुराव्याची. खरे कागद शोधताना आमच्या सनदी लेखापालांना आठवले की, जी.एस.टी.च्या नोंदणीत अधिकृत स्वाक्षरीकर्ती म्हणून जुलै २०१७ पासून सूनबाईंचे नाव आहे. तिने अर्जात १४४ लिहिले नाही आणि शून्यही लिहिले नाही. कागदाने सिद्ध होणारे ६६ महिने लिहिले आणि त्यापूर्वीची आठ वर्षे विनावेतन, विनानोंद काम केले, असे स्वच्छ शब्दांत नमूद केले. मुलाखतीत त्या वाक्यावरच सर्वाधिक चर्चा झाली, असे तिने सांगितले.

दुसरी शिफारसपत्रांची. कौटुंबिक व्यवसायात वरिष्ठ म्हणजे सासरा किंवा वडील, आणि त्यांची शिफारस कोण मानणार? तिने एक पत्र लेखापालांकडून घेतले आणि दुसरे इचलकरंजीच्या एका कारखानदारांकडून. त्या पत्रात त्यांनी लिहिले होते की, बिलात न लागलेले सहा ताके चुकून आमच्याकडे आले असता या बाईंनी स्वतः फोन करून ते परत पाठविले. ही गोष्ट मलाही ठाऊक नव्हती. ज्याच्याशी आपला रोजचा व्यवहार आहे पण नाते नाही, अशा माणसाचे साधे पत्र मोठ्या पदाधिकाऱ्याच्या कोऱ्या स्तुतीपेक्षा अधिक वजनदार ठरते.

तिसरी गोष्ट ‘आताच का?’ या प्रश्नाची. वय अधिक असले की हा प्रश्न हमखास येतो. पहिल्या वेळी तिने ‘मला लहानपणापासून शिकण्याची आवड आहे’ असे काहीसे लिहिले होते. दुसऱ्या वेळी तिने तीन आकडे लिहिले: आमच्या दुकानातील एकूण माल किती, त्यातील वर्षाहून अधिक काळ पडून असलेला किती, आणि त्यात अडकलेल्या भांडवलावर आम्ही भरीत असलेले व्याज किती. त्याखाली लिहिले, ‘या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक नाही, आणि आमच्या घरात कोणालाच ठाऊक नाही, म्हणून आता.’ ते आकडे बाहेरच्यांना द्यावेत की नाही, यावर मी दोन दिवस विचार केला. मग दिले. तरुण अर्जदार ‘मी काय करीन’ ते सांगतो. मोठ्या वयाच्या अर्जदाराला ‘माझ्यापुढे काय अडले आहे’ ते सांगता येते. ही त्याची दुबळी बाजू नसून त्याचे भांडवल आहे.

नोकरी कोण देईल, हा प्रश्न तेथेही आला. तिने सांगितले, “मी नोकरी मागायला येत नाही. आमच्या दुकानात चौदा माणसे नोकरीला आहेत, त्यांची नोकरी टिकावी म्हणून येते आहे.” २०२३ मध्ये, वयाच्या ३८ व्या वर्षी, तिला प्रवेश मिळाला. त्याच वर्षीच्या १ एप्रिलपासून ती आमच्या पेढीची भागीदार आहे. शिक्षण पुढे झाले, नाव आधी लागले.

व्यापारी समाजापुढे बोलतो आहे, तेव्हा खर्चाचाही हिशोब सांगितला पाहिजे. फी, प्रवास आणि राहण्याचा खर्च मिळून आमच्या एका लग्नसराईच्या निव्वळ नफ्याहून अधिक रक्कम गेली. काही भाग शैक्षणिक कर्जातून उभा केला. अशा कर्जाच्या व्याजावर जुन्या करप्रणालीत आठ वर्षांपर्यंत वजावट मिळते आणि पत्नीच्या शिक्षणासाठीच्या कर्जावर ती पतीलाही घेता येते. चोवीस वर्षांच्या मुलाला हा खर्च भरून काढण्यास पस्तीस वर्षे मिळतात, चाळिशीच्या माणसाला वीस. ही वजाबाजू खरी आहे. पण जमेच्या बाजूला असे की, त्याने रविवारी शिकलेले सोमवारी दुकानात वापरता येते.

आणि सर्वांनीच हा मार्ग धरावा असेही नाही. ज्याला केवळ हिशोबाची संगणक प्रणाली किंवा ऑनलाइन विक्री शिकावयाची आहे, त्याला तीन महिन्यांचा वर्ग पुरे. ज्याला नावापुढे पदवी लावावयाची आहे, त्याने तो पैसा दानधर्मात खर्च करावा. ज्याच्या मनात एखादा प्रश्न वर्षानुवर्षे घर करून बसला आहे, त्यानेच जावे.

परत आल्यावर तिने काय केले? सर्व काही सुधारले असे मी म्हणणार नाही. १९८४ साली मी माझ्या हाताने सुरू केलेला सूटिंग-शर्टिंगचा विभाग निम्मा करावा, असे तिने आकड्यांनिशी दाखविले. मला ते फार लागले. सहा महिने मी मानले नाही. मग त्या फडताळांवरील ताक्यांच्या खरेदीच्या तारखा स्वतः वाचल्या आणि मान्य केले. आम्ही दुसरे दुकान काढण्याच्या विचारात होतो. तिने हिशोब मांडून ते काढू नये, असे सांगितले. नवीन दुकान न काढण्यासाठी एम.बी.ए. कशाला, असे काहींनी थट्टेने विचारले. त्या दुकानासाठी आम्ही जे कर्ज काढणार होतो ते माझ्या डोक्यावर आज नाही, एवढेच मी त्यांना सांगतो.

आता ज्या कलमाचा आरंभी उल्लेख केला, त्याविषयी.

२०१७ साली आपल्याच समाजातील एका बंधूंचा अर्ज साहाय्य समितीकडे आला. वय ३४. दुसऱ्याच्या पेढीवर दिवाणजी म्हणून काम करीत होते. त्यांना एम.बी.ए.च्या अंशकालीन अभ्यासक्रमासाठी फीचा काही भाग हवा होता. त्यांनी कर्ज मागितले होते, दान नव्हे. समितीत चर्चा पाच मिनिटेही झाली नसेल. कलम स्पष्ट होते. नकाराच्या पत्रावर माझी सही आहे. ‘आपले वय नियमात बसत नसल्याने’ असे त्यात लिहिले आहे. आमच्या सूनबाईंना ट्रस्टच्या मदतीची गरज नव्हती, आणि विश्वस्ताच्या घरच्यांनी ती घेऊही नये. तिला पाठीशी दुकान होते. त्या बंधूंना नव्हते. ज्याला खरी गरज होती त्याच्यासाठीच आम्ही दार लावून घेतले.

१९९६ साली ते कलम लिहिताना निधी लहान होता आणि शालेय मुलांना प्राधान्य मिळावे हा हेतू होता. हेतू वाईट नव्हता. परंतु प्राधान्य देणे वेगळे आणि मज्जाव करणे वेगळे. तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात ज्ञानावरण कर्माच्या आस्रवाची कारणे सांगितली आहेत, त्यांत दुसऱ्याच्या ज्ञानसाधनेत अंतराय आणणे हे एक आहे. कलम लिहिणारा आणि पत्रावर सही करणारा मीच असल्याने यातील माझा वाटा मला मान्य केला पाहिजे.

म्हणून सुवर्णमहोत्सवी वर्षात विश्वस्त मंडळापुढे मी विनम्र सूचना ठेवतो. वयाचे ते कलम काढून टाकावे. शालेय व महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचे प्राधान्य कायम ठेवून, निधीचा एक भाग तिशी ओलांडलेल्या अर्जदारांना बिनव्याजी, परतफेडीच्या कर्जाच्या रूपाने द्यावा. आणि अर्जाच्या नमुन्यात विनावेतन कौटुंबिक कामाचा अनुभव लिहिण्यासाठी एक जागा ठेवावी, म्हणजे आपल्या कोणत्याही लेकीसुनेला तेथे शून्य लिहावे लागणार नाही. हा निधी सुरू होत असल्यास पहिली देणगी आमच्या पेढीतर्फे नोंदवावी. त्या नोंदीवर सही सूनबाईंची असेल.

ते बंधू आज या सभागृहात असतील किंवा नसतील. असतील तर त्यांना, आणि नसतील तर ही स्मरणिका त्यांच्या हाती पडेल तेव्हा, माझी हात जोडून विनंती आहे. आज त्यांचे वय ४२ असेल. शिकण्याची इच्छा अजून असेल तर त्यांनी पुन्हा अर्ज करावा. आणि २०१७ च्या त्या पत्राबद्दल मी त्यांची अंतःकरणपूर्वक क्षमा मागतो. उत्तम क्षमा.